लाल स्टिकर लावला, पण बाईला ठेवायचं कुठे?

महोदय,

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झालं, तेव्हा मी नंदुरबार जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात उपकेंद्रावर नर्सबाई होते. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टर गरोदर मातांना मोफत तपासतात आणि जोखमीची माता आढळली की तिच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. योजना चांगलीच आहे. माझं म्हणणं स्टिकर लावल्यानंतरचं आहे.

एक बाई अजून डोळ्यांपुढे येते. पहिलं सिझर, म्हणून लाल स्टिकर आधीच लागलेला. आठव्या महिन्यात आली तेव्हा पायातली चांदीची कडी सुजेत रुतली होती, डोकं ठणकत होतं, बीपी १६०/११०. झटके येऊ नयेत म्हणून दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम मॅगसल्फचं इंजेक्शन देऊन तिला १०८ मधून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ हजर होते, भूलतज्ज्ञ नव्हते. भूल द्यायलाच कोणी नाही तर सिझर कसं होणार? पुन्हा ‘रेफर’, पुन्हा गाडी, घाट उतरून जिल्ह्याला. बाई वाचली, बाळ हाती लागलं नाही.

आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघरं आहेत. दिवस भरत आले की बाईने तिथे येऊन राहायचं. साध्या बाळंतपणाला हे ठीक. पण जिचं आधी सिझर झालंय, जिला जुळं आहे, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, जिचं हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे, तिला तिथे ठेवून काय साधतं? तिथे ना सिझर होतं, ना रक्ताची पिशवी मिळते. लाल स्टिकरवाल्यांचं माहेरघर जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच हवं. सासू आणि धाकटं पोर सोबत राहील एवढी खोली, सगळ्यांना दोन वेळचं जेवण आणि घरच्यांना बुडीत मजुरी द्या. ‘बायका येतच नाहीत’ हे आढावा बैठकीत हमखास ऐकू यायचं. का येतील? घरी गुरं, पोरं, आणि इकडे सोबत आलेल्या म्हातारीला कोणी जेवलीस का विचारत नाही. ‘लोक अडाणी’ म्हटलं की साहेबांची बैठक लवकर आटोपते, एवढंच.

दुसरं काम बिनखर्चाचं आहे. आज कोणत्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहेत, हे गाडी निघण्याआधी कळलं पाहिजे. आम्ही ओळखीच्या सिस्टरला फोन करून विचारायचो. ती रजेवर असली की सगळं रामभरोसे. जिल्ह्यातल्या तज्ज्ञांची त्या दिवसाची ड्युटी रोज सकाळी आठ वाजता आशाताई, नर्सबाई आणि १०८ च्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी. आणि रात्री कोण, तेही त्यात लिहावं. झटके दिवस-रात्र बघून येत नाहीत.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. नंदुरबार