डॉक्टर मॅडम, तुम्ही ट्यूबलाइट बंद केलीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुमच्यासमोर माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता यावं असं.

आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडे आमच्या उभ्या गाडीला मागून ट्रकनं ठोकलं. ह्यांना साधं खरचटलंही नव्हतं. पट्टा लावलेला होता, मान तेवढी जोरात पुढेमागे झाली. एका मोठ्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन झाला. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितलं, “नॉर्मल आहे. उगाच मनात काही आणू नका.”

झालं! तेव्हापासून ह्यांचं दुखणं खोटं ठरलं. उजेड सोसेना, चार ओळी वाचल्या की मळमळायचं. पतसंस्थेत ज्यांचा आकडा कधी चुकला नाही त्यांची साधी बेरीज जुळेना. मी मिक्सर लावला तरी अंगावर धावून यायचे आणि मग तोंड फिरवून बसायचे. ऑफिसात कुजबुज सुरू झाली की क्लेमसाठी चाललंय सगळं. आमच्याच भाऊबंदांपैकी एकानं तर “कामाचा कंटाळा आलाय” असं ह्यांच्या तोंडावर ऐकवलं. ते मी अजून विसरलेले नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा हे कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून बसले होते. तुम्ही फाईल उघडलीसुद्धा नव्हती. उठलात, ट्यूबलाइट बंद केलीत, खिडकीचा पडदा ओढलात आणि खुर्ची जवळ घेऊन हळू आवाजात विचारलंत, “आता बरं वाटतंय का?” ह्यांचा हात कपाळावरून खाली आला. मग ह्यांना शब्द सापडेपर्यंत तुम्ही थांबलात. बाहेर पेशंटची रांग होती, तरी थांबलात.

सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. पण मेंदूला बसलेला असा हादरा बहुतेकदा त्यात दिसतच नाही, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. डोकं कुठे आपटायला लागत नाही, शुद्धही हरपावी लागत नाही, नुसत्या हिसक्यानंही कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा हाच हादरा, होऊ शकतं. “तुम्ही सांगताय ते सगळं खरं आहे,” असं तुम्ही म्हणालात आणि माझा नवरा अपघातानंतर पहिल्यांदा रडला.

शिक्षण, मशिनं सगळीकडे असतात हो. समोरच्याचं ऐकून घ्यायची दानत मात्र विकत मिळत नाही. अपघाताच्या जागी एक टेम्पोवाला असाच देवासारखा थांबला होता. माल पोचवायची घाई असून आमच्या मागे टेम्पो आडवा लावून, १०८ची गाडी येईपर्यंत हातानं वाहनं वळवत उभा राहिला. मदत करणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळालंय, हे त्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. त्यानं आधी माणूस पाहिला. तुम्हीही तेच केलंत.

हे आता अर्धा दिवस पतसंस्थेत जातात. डोकं चढायला लागलं की सांगून घरी येतात, लपवत नाहीत. साहेबांना तुम्ही दिलेली चिठ्ठी दाखवली, तेव्हापासून तिथली कुजबुजही थांबली आहे. पुढच्या तपासणीला आमच्या सासूबाईही येणार म्हणतायत. त्यांना तुम्हाला बघायचंय.

तुमची ऋणी,
साताऱ्याची एक पेशंटची बायको