पट्टी बांधून कळतं ते अर्धंच

संपादक महोदय,

शाळेत मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना तासभर चालायला लावावं, म्हणजे दुसऱ्याचं दुःख कळतं, असं सुचवणारं पत्र आपण गेल्या आठवड्यात छापलंत. हेतू चांगलाच आहे. ३५ वर्षं शिकवताना मीही असे खेळ घेतले. आता घेतले नसते.

माझ्या आईला ऐंशीनंतर कमी ऐकू येऊ लागलं. मी वैतागायचे. मग सर्दीचं निमित्त होऊन माझ्याच कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं आणि तीन आठवडे मी अर्धी बहिरी होते. सगळे जण जणू तोंडावर उशी धरून बोलत होते. कुणी आवाज चढवला की मात्र स्वच्छ कळायचं. वाटलं, चला, आईचं दुखणं कळलं! बरी झाल्यावर मी तिच्याशी खणखणीत आवाजात बोलू लागले. ती चेहरा आक्रसून घ्यायची. एवढं करतेय तरी हिचं आपलं तोंड वाकडंच, म्हणून मला उलट रागच यायचा.

शेवटी तिचे कान तपासले. तपासणाऱ्या बाईंनी आलेख समोर धरला. खालच्या पट्टीतल्या आवाजांची रेघ बरी होती, वरच्या पट्टीकडे जाताना ती कड्यावरून पडावी तशी घसरली होती. म्हणजे स्वर ऐकू येतात. स, श, फ गळतात. ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’. ओरडल्याने स्वरच आणखी मोठे होतात, ‘स’ हरवलेला तो हरवलेलाच. शिवाय अशा कानांना मोठा आवाज चटकन बोचतो. माझ्या कानावरचा उपाय मी तिच्या कानावर करत होते.

त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, “आई, मी कसं बोलू?”

“आधी समोर येऊन बस. आणि पुन्हा विचारलं की ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणू नकोस.”

हे मला तीन आठवड्यांत सुचलं नव्हतं. कसं सुचणार? माझा कान बरा होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मला कुणी ‘जाऊ दे’ म्हटलंच नव्हतं.

पट्टीचंही तेच. मुलाला अंधत्वाचा फक्त पहिला तास भेटतो, धडपडीचा आणि भीतीचा. पांढरी काठी, पावलांचा आवाज, वर्षांचा सराव यांतलं काहीच त्यात नसतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर अशी पट्टी बांधून पाहिलेल्यांनी अंध माणसांना नोकरी करायला, स्वतंत्र राहायला कमी सक्षम ठरवलं. पट्टी बांधायचीच असेल तर बांधा. पण सोडल्यावर एखाद्या अंध व्यक्तीला वर्गात बोलवा आणि मुलांना विचारू द्या. बावळट प्रश्नसुद्धा.

हे पत्र आईला समोर बसून वाचून दाखवलं. म्हणाली, “तू फार ओरडायचीस, ते नीट लिहिलंस ना?”

– एक निवृत्त शिक्षिका