निरोप दारातून द्यायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं, पुढचं बोल’ म्हणून विषय संपवता. म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय. शिवाय हल्ली गिरगावातल्या आजूबाजूच्या मंडळांतली पोरं विचारतात, ‘तुमच्या ॲपमधून कामाची पाळी फोनच्या कॅलेंडरात जाते कशी रे?’ त्याचं उत्तर मुळात तुमचं आहे. नाव घालू नकोस म्हणालात, घातलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गणपतीच्या दिवसांत कार्यकर्त्यांच्या पाळ्या लावणारं आमचं ॲप आहे. दर्शनाची रांग, आरतीची तयारी, मंडपातली रात्र, असं सगळं त्यात दिसतं. पण लोकांना ते फोनच्या कॅलेंडरातच हवं होतं. ऑफिसची मीटिंग आणि मंडपातली रात्र शेजारीशेजारी दिसली तरच माणूस वेळेवर रजा टाकतो. ॲप फ्लटरमध्ये, म्हणजे कोड एकच, चालतो अँड्रॉइडवर आणि आयफोनवरही. कॅलेंडरं मात्र दोन. कॅलेंडरशी बोलायची सोय अँड्रॉइडवर कॅलेंडर प्रोव्हायडर, आयफोनवर इव्हेंटकिट. या दोन्हींशी बोलणारं, ॲपला आधीपासून जोडलेलं प्लगिन, म्हणजे तयार कोडचा तुकडा, जुनं होतं. अँड्रॉइडवर काम भागत होतं, आयफोनवर परवानगीची खिडकीच उघडत नव्हती.

कारण तुम्ही लगेच सांगितलंत. २०२३ साली आलेल्या आयओएस १७ पासून, म्हणजे आयफोनच्या सिस्टिमच्या त्या आवृत्तीपासून, कॅलेंडरची परवानगी दोन प्रकारची झाली, फक्त लिहिण्याची आणि पूर्ण. जुन्या पद्धतीने मागितली तर विचारणाच होत नाही, थेट एरर हातात येते. नव्या परवानग्यांसाठी इन्फो डॉट पीलिस्ट या ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये वेगळ्या नोंदी लागतात. तेवढ्यावर दुसरं कुणी प्लगिनचं नवं व्हर्जन सुचवून फोन ठेवला असता. तुम्ही विचारलंत, ‘पण तुम्हाला लोकांचं कॅलेंडर उघडायचंय कशाला?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाळी टाकायची होती, बस. मग तुम्ही म्हणालात, ‘निरोप द्यायला गेलास तर दारात उभा राहून दे, घरात शिरून कपाट कशाला उघडतोस?’

आणि दारातून देण्याची सोय दोन्हीकडे आहे. अँड्रॉइडवर इन्सर्ट इंटेंट, म्हणजे ‘हा इव्हेंट भर’ अशी विनंती, पाठवला की त्या माणसाचं स्वतःचं कॅलेंडर ॲप भरलेल्या फॉर्मसकट उघडतं. नाव, जागा, वेळ, सगळं आधीच लिहिलेलं. त्याने फक्त सेव्ह करायचं. परवानगी लागत नाही. आयफोनवर इव्हेंट भरण्याचा तयार स्क्रीन आहे, तो आयओएस १७ पासून ॲपच्या बाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो, त्यामुळे तिथेही परवानगी लागत नाही. स्वतः लिहायला गेलं की अँड्रॉइडवर कुठल्या कॅलेंडरात लिहायचं त्याचा आयडी द्यावा लागतो. बऱ्याच उदाहरणांत तिथे डोळे मिटून १ लिहिलेला असतो. तो क्रमांक प्रत्येक फोनवर कुणाचा निघेल याचा नेम नाही. दारातून दिलं की ही भानगडच उरत नाही. ऑफिसचं कॅलेंडर की घरचं, ते ज्याचं तो निवडतो.

मला शेवटी हिरवी खूण दाखवायची फार हौस होती. तुम्ही दाखवू दिली नाहीत. आयफोनचा स्क्रीन इव्हेंट सेव्ह झाला की रद्द, ते परत सांगतो. अँड्रॉइडवर त्या उत्तराचा भरवसा धरता येत नाही. ‘माहीत नसताना “झालं” म्हणू नकोस,’ एवढंच म्हणालात. आता तिथे बटण आहे, खूण नाही. आजही मला तो स्क्रीन थोडा ओका दिसतो, पण तुमचं बरोबर आहे.

वेळेचा घोळ मात्र निस्तरायला खरोखर वेळ लागला. सर्व्हर दुपारी चारची वेळ शेवटी ‘झेड’ लावून पाठवत होता, म्हणजे ती यूटीसी, आपल्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, ठरायची आणि फोनवर पाळी दिसायची रात्री साडेनऊची. रात्री दहा ते सकाळी सहा या पाळीचा शेवट दुसऱ्या तारखेचा धरावा लागतो, हेही तुम्हीच आधी बोललात. दिवसभराच्या इव्हेंटची तऱ्हा आणखी वेगळी. अँड्रॉइडला तो यूटीसीच्या मध्यरात्रीपासून हवा असतो. आपल्या मध्यरात्रीला यूटीसीत आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे विसर्जन एक दिवस आधीच. टाइमझोनच्या यादीत मुंबई नाहीच, आपण ‘एशिया/कोलकाता’. ज्या शहराने ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असलेला स्वतःचा ‘मुंबई टाइम’ १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतरही कित्येक वर्षं सोडला नव्हता, त्याला हे रुचलं नसतं.

समितीतल्या एका काकांना चतुर्थी दरवर्षी आपोआप यायला हवी होती. एकदा टाकलं की जन्माची कटकट मिटली! पण ‘दरवर्षी’ म्हणजे फोनला इंग्रजी तारीख कळते, तिथी नाही. चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. काकांना हे पंचांग हातात घेऊन समजावण्याचं काम तुम्ही माझ्यावर न टाकता स्वतः फोनवर केलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

एका गोष्टीवर आपलं अजून पटलेलं नाही. पाळी बदलली की दारातून दिलेला निरोप मागे घेता येत नाही, कारण इव्हेंट आपल्या हातात राहिलेलाच नसतो. तुमचं म्हणणं, बदलाची नोटिफिकेशन पाठवा आणि लोकांची कॅलेंडरं त्यांच्यावर सोडा. माझं म्हणणं, पाळ्या लावणाऱ्या मोजक्या कार्यकर्त्यांपुरती तरी पूर्ण परवानगी मागावी. सध्या तुमच्या पद्धतीनेच चाललंय.

दर्शनाला याल तेव्हा रांगेत उभं राहू नका. मंडपाच्या मागच्या बाजूने या, तिथे जो कार्यकर्ता असेल त्याला ‘कॅलेंडरवाल्या ताई’ एवढंच सांगा.

आपला,
मंडळाचा एक कार्यकर्ता
गिरगाव, मुंबई