हॉटेलांनो, आमच्या केसांवरची इस्त्री उठवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून केसांच्या निगेचे सल्ले सुरू होतात. अमुक सीरम लावा, तमुक मास्क लावा, निर्जीव केसांना नवसंजीवनी मिळेल. मी गोव्यात बारदेशच्या किनारपट्टीवरील एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करते. नोकरीला लागल्यापासून केसांवर स्ट्रेटनर फिरवल्याशिवाय मी काउंटरमागे उभी राहिले नव्हते. गेल्या जूनपासून ते बंद केले आहे. जळलेल्या केसाला नवसंजीवनी वगैरे काही मिळत नाही, हे आता अनुभवाने सांगू शकते. तो केस कापावा लागतो आणि मुळातून येणाऱ्या नव्या केसाची वाट बघावी लागते. त्या काळात आमच्यासारख्या नोकरदार बाईला पावसाचा त्रास कमी आणि वरिष्ठांच्या नजरेचा जास्त होतो. म्हणून हे पत्र.

माझे केस जन्मापासून धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत. कानापर्यंत बरे असतात, तिथून खाली नागमोडी होत जातात. आई, मावशी, आजी, सगळ्यांचे असेच. तेल लावून वेणी घातली की त्यांचा प्रश्न मिटायचा. माझा हॉटेलच्या नियमावलीपाशी आला. त्यात लिहिले आहे, ‘केस नीटनेटके व व्यावसायिक दिसावेत.’ सरळ केस हवेत असे कुठेही छापलेले नाही. पण कामावर येण्याआधी जी रांगेत तपासणी होते, तिथे सरळ केसांच्या मुलींना कोणी काही विचारत नाही आणि माझ्यासमोर आल्यावर मात्र सुपरवायझर थांबतात. ‘आज घाई झाली का?’ एवढेच म्हणतात. मुलगी दुसऱ्या दिवशी स्ट्रेटनर विकत घेते.

मी म्हार्दोळहून येते. पहाटे अंधारात स्ट्रेटनर 210 अंशांवर ठेवून एकेक बट ओढायची, मग बस. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत उघड्या खिडकीतून आलेल्या दमट वाऱ्याने कपाळावरचे केस उठलेले असत आणि पणजीच्या स्टँडवर उतरेपर्यंत लाटा परत आलेल्या. हॉटेलात पोचले की कपडे बदलायच्या खोलीत पुन्हा इस्त्री. यात माझ्या हातचे काही चुकत नव्हते, हे मला फार उशिरा कळले. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याचा आकार काही अंशी हायड्रोजन बंधांवर अवलंबून असतो. उष्णतेने हे बंध सुटतात, ओढून सरळ केलेल्या स्थितीत थंड झाले की पुन्हा जुळतात, म्हणून केस सरळ दिसतो. पण तेच बंध पाण्यानेही सुटतात. ज्या प्रदेशात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांतही समुद्राची वाफ अंगाला चिकटून असते, तिथे इस्त्री केलेला केस सरळ राहावा ही अपेक्षाच मुळात निसर्गाला मान्य नाही. शिवाय जितका केस भाजावा तितका त्याचा वरचा खवल्यांचा थर उचकटतो, आणि तसा केस हवेतला ओलावा अधिक वेगाने पितो. म्हणजे काल केलेल्या इस्त्रीमुळे आज जास्त फुलतो, आणि आज जास्त फुलला म्हणून उद्या इस्त्री वाढते.

सकाळच्या घाईत केस पुरते वाळवायला वेळ नसतो. ओल्या केसावर तापलेली पट्टी ठेवली की चर्र आवाज येतो आणि वाफ निघते. ती वाफ नुसती बाहेरच्या पाण्याची नसते. केसाच्या आतल्या पाण्याचीही एकदम वाफ होते आणि केसाच्या कांडीत बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. तिथे केस तुटतो. माझे टोकांचे केस विंचरताना तुटून फणीत यायला लागले, तेव्हा फोंड्यातल्या एका पार्लरमध्ये मला केरॅटिन ट्रीटमेंटचा सल्ला मिळाला. ‘ताई, चार-पाच महिने बघायलाच नको.’ खोलीत पाऊल टाकले आणि डोळे झोंबले. अशा अनेक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. पाण्यात विरघळवला की त्यालाच फॉर्मेलिन म्हणतात. वाचकांना 2018 चा जुलै आठवत असेल. मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या बातमीने अख्खा गोवा हादरला होता, परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर सरकारला काही दिवस बंदी घालावी लागली, आमच्या घरात तर इसवण दिसला तरी आई तोंड फिरवायची. आणि ताटात नको म्हणून आपण ज्यासाठी रस्त्यावर आलो, तेच बंद एसीच्या खोलीत पैसे मोजून डोक्यावर घ्यायचे! मला त्या पार्लरवालीचा राग नाही. तीच ती वाफ दिवसभर श्वासात घेते. तिच्याविषयी कोण लिहिणार?

मी जून निवडला, कारण तेव्हा पर्यटक कमी आणि वरिष्ठ जरा सैल असतात. हवामानाच्या दृष्टीने याहून वाईट महिना नाही, हे मान्य. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला बारा ते पंधरा. खांद्याखाली जाणारा केस पूर्ण नवा व्हायला दोन वर्षे सहज जातात. ज्यांना धीर आहे त्या बॉबकट करून मोकळ्या होतात. मला ते जमले नाही, कारण आमच्या घरी मुंडावळ्या बांधायला आणि वेणी माळायला केस लागतात असा एक कायदा आहे, आणि घरातल्या कायद्याला अपील नसते. म्हणून थोडे थोडे कापत राहिले. या मधल्या काळात डोक्यावर दोन प्रकारचे केस असतात. मुळाशी नव्या, मऊ लाटा आणि खाली जुना, सरळ, कुंच्यासारखा भाग. दोन्ही जिथे जुळतात तिथे केस सर्वांत आधी तुटतो. मोकळे सोडले तर दोन बायकांचे केस एका डोक्यावर आल्यासारखे दिसते, हे मीच म्हणते, इतरांनी म्हणायची गरज नाही.

इतरांनी म्हटलेच. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना आते म्हणाली, ‘बाय, डोके दुखते का गे तुझे? केस असे का?’ लग्नाच्या एका मांडवात कोणीतरी थायरॉइड तपासायला सांगितले. तो सल्ला वाईट नव्हता, मी तपासलाही. फक्त एक गोष्ट इथे आवर्जून लिहिते, कारण ती कुठल्याच पुरवणीत मी वाचली नाही. केसांसाठी म्हणून ज्या बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, त्यांच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त द्यायला जाण्याआधी डॉक्टरांना त्या गोळ्यांबद्दल सांगावे. अंगात बायोटिनची कमतरता नसेल तर त्या गोळ्यांनी केसांना फायदा होतो असेही ठोस सिद्ध झालेले नाही, आणि झाला तरी आधीच जळून बाहेर आलेल्या केसाला गोळीतले काही पोचत नाही. तो केस मेलेलाच असतो.

माझ्या बाबतीत जे उपयोगी पडले ते फारसे महाग नाही. न्हाण्याच्या आधी तासभर घाण्याचे खोबरेल. आजीचे हे शास्त्र 2003 साली एका शोधनिबंधातही आले. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने तसे घडत नाही, असा निष्कर्ष होता. (तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांचा होता, हेही सांगितले पाहिजे. पण माझ्या फणीतले केस तेव्हापासून कमी झाले.) टॉवेलने खसाखसा पुसणे बंद केले, बाबांचा जुना पंचा नुसता गुंडाळून ठेवते. कोरडे केस विंचरत नाही. न्हाताना कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवते. मग जवस उकळून गाळलेला बुळबुळीत गर, अगदी थोडा, ओल्या केसांत चुरगाळायचा आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, फक्त नवऱ्याने एकदा तो सोलकढीच्या शेजारी पाहिला तेव्हा घरात थोडा वाद झाला. रात्री सैल वेणी. जास्वंदीच्या पानांचा गरही करून पाहिला. केस मऊ झाले, पण न्हाणीघर आणि केस यांतून पानांचे तुकडे काढण्यात सकाळ गेली. ज्यांना कामावर जायचे नाही त्यांनी जरूर करावा.

एक लाभ मात्र कोणीच सांगितला नव्हता. म्हार्दोळची असून इतकी वर्षे मी फाती, म्हणजे फुलांचा गजरा, माळू शकत नव्हते. महालसेच्या देवळासमोर अबोलीच्या, जायांच्या फाती घेऊन बसणाऱ्या बायकांकडून आई घेऊन द्यायची, आणि इस्त्री केलेल्या गुळगुळीत केसांतून ती बसमध्येच घसरायची. पिना मारून मारून डोके दुखायचे. यंदा जायांच्या पूजेच्या दिवसांत फाती अंबाड्यात खोवली ती रात्री घरी येऊन काढेपर्यंत तिथेच होती. फाती विकणारी मामी म्हणाली, ‘आता केसांना पकड आली.’ तिने सीरमचे नाव विचारले नाही.

आता कामाच्या ठिकाणाकडे येते. आमच्या हॉटेलात स्पाला लागून एक सलून आहे. लग्नासाठी परप्रांतांतून येणाऱ्या नवऱ्या मुली आणि त्यांच्या करवल्या तिथे तासन्‌तास बसून, तापलेल्या चिमट्याने, ‘बीच वेव्ह्ज’ करून घेतात. म्हणजे समुद्रावर फिरून आल्यासारखे नागमोडी केस. त्याचे बिल माझ्याच काउंटरवर येते. हॉटेलच्या माहितीपत्रकावर छायाचित्र आहे तेही वाऱ्यावर उडणाऱ्या लाटांच्या केसांच्या बाईचे. ते बिल फाडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर तेच केस फुकट उगवले तर तिला विचारतात, ‘आज घाई झाली का?’ आमच्या फ्रंट ऑफिसातल्या एका मुलाचे केस माझ्याहून कुरळे आहेत. त्याला पाहुणे ‘स्टायलिश’ म्हणतात. त्याचे केस सरळ करायचे कोणाच्या मनातही आले नाही.

मागणी लहान आहे. बंड पुकारायचे नाही, आणि मोकळ्या केसांनी काउंटरवर उभे राहायचेही नाही. स्वच्छ धुतलेले, बांधलेले, चेहऱ्यावर न येणारे केस, एवढे नियमावलीत स्पष्ट लिहावे आणि तपासणी त्यावरच व्हावी. केसाचा मूळ पोत हा तपासणीचा विषय असू नये. ज्यांना स्ट्रेटनर सोडायचा आहे त्यांना मधल्या काळात अंबाडा, घट्ट नसलेली वेणी, हवी तर काळी जाळी चालेल असे आधीच कळवावे, म्हणजे रोज सकाळी रांगेत खुलासा करावा लागणार नाही. राज्यातल्या हॉटेल व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांत पहिल्याच वर्षी मुलींना ग्रूमिंगचे धडे देतात. अठरा वर्षांच्या मुलीच्या हातात तिथेच स्ट्रेटनर येतो. त्या धड्यात निदान एवढे शिकवा की ओल्या केसाला ती पट्टी लावू नये, आणि जे जळते ते परत येत नाही.

तुमच्या पुरवणीलाही एक विनंती. पुढच्या पावसाळ्यात निगेचे सदर छापाल तेव्हा त्यात सीरमच्या शेजारी स्ट्रेटनरचे तापमान आणि केसवाढीचा वेगही छापा. वाचणाऱ्या मुलीला हिशेब मांडता येईल.

गेल्या महिन्यात आमच्या सुपरवायझरनी मला बाजूला घेऊन जवसाच्या गराचे प्रमाण विचारले. मी एक वाटी पाण्याला एक चमचा सांगितले. नियमावलीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा पत्र छापल्यास माझे नाव देऊ नये, नोकरी चालू आहे आणि हंगाम तोंडावर आहे.

आपली,
एक वाचक, म्हार्दोळ