रोड टॅक्सचा परतावा मालकानेच का मागत फिरायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पासिंग कुठलं?’ हा प्रश्न परराज्यातली गाडी चालवणाऱ्याला नवा नाही. नोकरीनिमित्त शेजारच्या राज्यात होतो तेव्हा मी गाडी घेतली आणि पंधरा वर्षांचा रोड टॅक्स तिथेच एकरकमी भरला. पुढे बदली होऊन महाराष्ट्रात परतलो आणि या प्रश्नाचा अर्थ हळूहळू कळत गेला.

मोटार वाहन कायदा, १९८८ वाचला तर वाटतं, यात अडचण कसली? कलम ४६ प्रमाणे एका राज्यात नोंदवलेली गाडी देशभर चालते. कलम ४७ सांगतं की ती दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली तरच नवा नंबर घ्यायचा. या कलमाची छापील प्रत मी गाडीत ठेवली होती. ती एकदाच बाहेर काढली. ‘वर्ष झालं नाही याचा पुरावा काय?’ असं गाडी अडवणाऱ्याने विचारल्यावर मुकाट्याने परत ठेवली.

वर्ष भरत आलं तसा जुन्या राज्याच्या एनओसीच्या, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्राच्या, मागे लागलो. अर्जाचा नमुना २८, कर्ज होतं म्हणून बँकेची संमती, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. अर्जावर ३० दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं समजावं, असं कलम ४८ म्हणतं. कायदा समजतो हो, खिडकीपलीकडचा माणूस समजत नाही. त्याला कागद लागतो.

पण हे सगळं सोसता येतं. खरी मेख करात आहे. नवा नंबर हवा तर गाडीच्या वयानुसार इथला कर आधी भरा. मग नवी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि कराची पावती घेऊन जुन्या राज्यात उरलेल्या वर्षांचा परतावा मागा. तोवर एकाच गाडीचे पैसे दोन सरकारांकडे! माझा अर्ज अकरा महिने पडून आहे. फोन केला की उत्तर ठरलेलं: प्रत्यक्ष या. दोन वेळा गेलो. रजा आणि प्रवासखर्च धरला तर परताव्यातलं हाती किती उरेल, हा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही.

केंद्राने सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ (भारत) ही नंबरांची मालिका सुरू केली. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. पण ती सोय सैन्यदलांतले, सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर यांनाच. माझ्या कंपनीची कार्यालयं तीन राज्यांत. मुलाकडे कायमचे राहायला निघालेले आजी-आजोबा किंवा बिऱ्हाड हलवणारा छोटा व्यावसायिक तर या यादीत कुठेच बसत नाहीत.

कर कमी म्हणून पुदुच्चेरीच्या खोट्या पत्त्यावर महागड्या गाड्या नोंदवल्याची प्रकरणं २०१७ मध्ये केरळात गाजली होती. अशांना धरावंच. पण दोन्हीकडे कर भरून बसलेल्याला त्याच रांगेत का उभं करायचं?

वाहनांवरचा कर हा राज्यांचा विषय, हे मान्य. राज्यघटनेच्या राज्यसूचीतली ५७वी नोंद तसं सांगते. पण ती समवर्ती (केंद्र आणि राज्य दोघांच्या) सूचीतल्या ३५व्या नोंदीच्या अधीन आहे आणि त्या नोंदीत या कराची तत्त्वं ठरवण्याचा विषय येतो. म्हणजे केंद्राला करण्यासारखं बरंच आहे. परराज्यातून आलेल्या मालाचा जीएसटी कोणत्या राज्याला किती, हे सरकारं २०१७ पासून आपसात मिटवतात. ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. बहुतेक राज्यांच्या गाड्यांच्या नोंदी केंद्राच्या ‘वाहन’ पोर्टलवर आहेतच. मग रोड टॅक्सची उरलेली रक्कम जुन्या राज्याने परस्पर नव्या राज्याकडे वळवावी आणि मालकाकडून फक्त फरक घ्यावा. तेही जमत नसेल तर परताव्याचा अर्ज निदान नव्या राज्यातल्या आरटीओत तरी स्वीकारावा.

नवी गाडी परराज्यातून आणणाऱ्याचं त्या मानाने बरं. राहतो त्या राज्यात नोंदणी करायची, तात्पुरत्या नंबरावर गाडी घरी आणायची आणि कर एकदाच भरायचा. बदलीची कुणकुण लागलेल्या सहकाऱ्यांना मी आता हेच सांगतो, की बदलीची ऑर्डर हातात पडेपर्यंत गाडी घेऊ नका.

पुढच्या महिन्यात मी तिसऱ्यांदा जाणार आहे. जुन्या आरसीची साक्षांकित प्रत राहिली आहे म्हणे.

आपला,
एक वाहनमालक