स्टेम सेलवाल्यांना आधी नोंदणी क्रमांक विचारा

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीतून एक गुळगुळीत रंगीत पत्रक निघाले. ‘मणक्याच्या दुखापतीवर स्टेम सेल उपचार – मोफत मार्गदर्शन शिबिर’ असा त्यावर मथळा होता. (स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून शरीरातील वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी.) माझा पुतण्या दीड वर्षापूर्वी कळवा-मुंब्रा दरम्यान लोकलमधून पडला आणि त्याचे कमरेखालचे अंग लुळे झाले. त्यामुळे असले पत्रक आमच्या घरात थेट रद्दीत जात नाही.

नवी मुंबईतील अशाच एका दवाखान्यात आम्ही मार्चमध्ये जाऊन आलो. कमरेच्या हाडातून बोनमॅरो (हाडातील मगज) काढायचा आणि त्यातील पेशी वेगळ्या करून पाठीच्या कण्यात सुईने सोडायच्या, अशा तीन ‘सिटिंग’चे साडेसहा लाख रुपये सांगण्यात आले. प्रतीक्षालयातल्या पडद्यावर एक तरुण पायांना कॅलिपर (आधाराच्या पट्ट्या) लावून, दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून पावले टाकत होता. तेवढे तर आमचा पुतण्या निव्वळ फिजिओथेरपीच्या बळावर करतो. शिवाय मज्जारज्जू पूर्ण निकामी झालेला नसेल, तर पहिल्या काही महिन्यांत थोडीफार ताकद आपसूकही परतते. म्हणून हा उपचार न घेतलेल्या रुग्णांशी तुलना केल्याशिवाय सुधारणेचे श्रेय पेशींना देता येत नाही.

या संशोधनात तथ्य नाही, असे माझे म्हणणे नाही. जपानच्या केइओ विद्यापीठाने आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींपासून प्रयोगशाळेत घडवलेल्या स्टेम सेलपासून) बनवलेल्या पेशी दिलेल्या चार रुग्णांपैकी दोघांत सुधारणा दिसल्याचे मार्च २०२५ मध्ये जाहीर केले. मात्र त्या पेशी दुखापतीनंतर दोन ते चार आठवड्यांत दिलेल्या होत्या, दीड वर्षाने नव्हे. आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील बोनमॅरो प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार वगळता स्टेम सेलचा वापर मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. मी तेथील समुपदेशक बाईंना चाचणीचा सीटीआरआय क्रमांक (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील नोंदणी क्रमांक) विचारला, तर त्यांनी संमतीपत्र पुढे केले. ‘परिणामांची हमी नाही’ हे वाक्य त्यात सर्वांत बारीक अक्षरात होते. गावची जमीन विकण्याची बोलणी भावाने त्याच संध्याकाळी थांबवली.

अंकात पत्रके विक्रेते घालतात, संपादक नव्हेत, हे मला ठाऊक आहे. परंतु आरोग्यविषयक जाहिराती आपल्याच पानांवर छापल्या जातात. स्टेम सेलची जाहिरात स्वीकारताना सीटीआरआय क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीतच ठळकपणे छापावा, एवढी विनंती.

– एक वाचक, कळवा (ठाणे)