आठवण: मॉरिशसची पत्रं आणि निधीचे डबे

नमस्कार पालकहो,

मॉरिशसच्या मुलांसाठीची पत्रं आणि निधीचे डबे येत्या शुक्रवारपर्यंत वर्गशिक्षिकांकडे द्यायचे आहेत. डबा घरी उघडू नका, चिकटपट्टी तशीच राहू द्या. शनिवारी सकाळी 10 वाजता मोजणी मुलंच करतील, दोन पालक फक्त शेजारी बसतील.

या पैशांतून दादरला मराठी गोष्टींची पुस्तकं घेऊन ती पाठवायची आहेत, रोख रक्कम नाही. 1834 नंतर मुंबई बंदरातून कितीतरी मजूर, त्यात कोकणातलेही, उसाच्या मळ्यांवर मॉरिशसला गेले. त्यांच्या वंशातली मुलं आजही तिथल्या शाळांत मराठी शिकतात, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. हे ऐकून तिसरीतल्या एका मुलीने पत्रात विचारलंय, "तुमच्या मोदकात गूळ असतो की तुमच्याकडची साखर?" पत्र असं हवं! म्हणून कृपया मुलांना मजकूर सांगू नका. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तरी चालतील.

एक कळकळीची विनंती. डब्यात गुपचूप मोठी नोट टाकू नका. सोसायटीत कंदील विकून, घरची रद्दी देऊन मुलांनी दहा-दहा रुपये जमवलेत, ते त्यांचेच राहू देत. अनोळखी दारी त्यांना एकटं पाठवू नका. पत्रावर घरचा पत्ता किंवा फोन नंबर नको, शाळेचा पत्ता पुरे.

व्हिडिओ कॉल आपल्या दुपारी साडेतीनला, म्हणजे तिथल्या दोनला. तिकडच्या बाईंनी तारीख कळवली की इथे टाकते.